सावलीचा रंग: सार्यानच्या आर्मेनियात सहा दिवस

दिवस पहिला, शनिवार

पहाटे आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला उतरले. भाची विमानतळावर घ्यायला आली होती. ती इथे एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे. "मावशी, आधी झोप काढ," म्हणाली, पण मला झोप कुठली. दहा वाजता आम्ही दोघी ऑपेराच्या बाजूला चालत निघालो.

ऑपेरासमोरच्या बागेत शनिवार-रविवारी चित्रकारांचा बाजार भरतो. झाडांच्या बुंध्यांना, बाकांना, दगडी कठड्यांना टेकवलेली चित्रं. निम्म्याहून जास्त चित्रांत एकच डोंगर: दोन शिखरांचा अरारात. आणि मधोमध चित्रकार मार्तिरोस सार्यानचा पांढऱ्या संगमरवरातला पुतळा. ज्या माणसासाठी मी साताऱ्याहून इथवर आले, तो असा भर बाजारात, विक्रेत्यांच्या गराड्यात भेटला याचा मला फार आनंद झाला.

मी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवली. वस्तुचित्राच्या तासाला दरवर्षी तेच सांगायचं: तांब्यावर उजेड कुठून पडतो ते बघा, दुसऱ्या बाजूला सावली, सावलीला मूळ रंगात जरा काळा मिसळा. सगळेच असं शिकवत आणि परीक्षेला ते चालतही असे. मग एका वर्षी गावात रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागलं. तेव्हा ती पुस्तकं आणि चित्रांची कार्डं किती स्वस्त मिळायची, ते माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. त्या कार्डांच्या एका संचात हे चित्र होतं: 'रस्ता. दुपार. कॉन्स्टँटिनोपल' (म्हणजे आजचं इस्तंबूल), १९१०.

उभं, अरुंद चित्र. दोन्ही बाजूंना घरं, मधे गल्ली, वर आभाळाची एक निळी चिंधी. ऊन पडलेल्या भिंती नारिंगी, जवळजवळ तापलेल्या तव्यासारख्या. आणि सावली? गर्द निळी! काळ्याचा एक थेंबही नाही त्यात. उजेड आणि सावली यांच्यामधे हळूहळू उतरत जाणारी छटासुद्धा नाही. नारिंगी संपतो तिथे निळा सुरू. बघताना डोळ्यांवर हात धरावासा वाटला होता मला. ते कार्ड पुढे कितीतरी वर्षं माझ्या टेबलावरच्या काचेखाली होतं.

मूळ चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह कलादालनात आहे, इथे नाही. पण मला हा माणूस रंग कुठून आणायचा ते बघायचं होतं.

दिवस दुसरा, रविवार

सार्यान रस्त्यावर सकाळी फारशी वर्दळ नसते. संध्याकाळी मात्र इथल्या वाइनच्या दुकानांपुढे बसायला जागा मिळत नाही, असं भाची सांगते. याच रस्त्यावर त्याचं घर आणि घराला जोडून संग्रहालय. हे संग्रहालय १९६७ साली उघडलं तेव्हा सार्यान हयात होता. सत्त्याऐंशी वर्षांचा चित्रकार मागच्या घरात राहतोय आणि पुढच्या दालनांत लोक त्याची चित्रं बघतायत.

त्याचा जन्म आर्मेनियात झालाच नाही, हे मला आधी माहीत नव्हतं. तो जन्मला १८८० साली नोर नाखिचेवानला, दक्षिण रशियात डॉन नदीच्या काठी. आता तो भाग रोस्तोव्ह शहरात गेलाय. अठराव्या शतकाच्या शेवटी कॅथरीन राणीच्या काळात क्रिमियातल्या आर्मेनियन लोकांना तिथे हलवलं होतं, त्यांनी वसवलेलं ते गाव. (या गावाचा आपल्याकडे एक धागा आहे. कलकत्त्यातल्या एका आर्मेनियन व्यापाऱ्यानं मृत्युपत्रात या गावासाठी पैसे ठेवले होते. ते मिळवायला मिकाएल नालबंदियान हा लेखक १८६० नंतर थेट कलकत्त्यापर्यंत आला होता. परत गेल्यावर झारच्या सरकारनं त्याला तुरुंगात टाकलं, ती गोष्ट वेगळी.)

घर शेतकऱ्याचं, मुलं बरीच. लहानपण गवताळ माळावर गेलं. नजर जाईल तिथवर सपाट जमीन, उन्हाळ्यात फुलं आणि फुलपाखरं. १८९७ ते १९०४ मॉस्कोच्या चित्रकला, शिल्प आणि वास्तुकला विद्यालयात शिक्षण. तिथे वालेंतिन सेरोव्ह आणि कोन्स्तांतिन कोरोविन त्याचे गुरू होते. १९०१ साली, एकविसाव्या वर्षी, त्यानं पहिल्यांदा आर्मेनिया पाहिला. घरात जिची भाषा बोलतात, जिची गाणी म्हणतात, ती जमीन पहिल्यांदा एकविसाव्या वर्षी डोळ्यांनी बघायची. दुबईत वाढलेली, सुट्टीत पहिल्यांदा कोकणात आलेली मुलं मी पाहिली आहेत. काही कंटाळतात, काहींचे डोळे उघडेच्या उघडे राहतात. हा दुसऱ्यांतला.

सुरुवातीची चित्रं स्वप्नाळू आहेत, धुक्यातल्या परीकथांसारखी. १९०७ साली मॉस्कोत 'निळा गुलाब' नावाचं प्रदर्शन झालं, त्यात तो होता. मला ती चित्रं आवडतात, पण तिथे रेंगाळावंसं वाटत नाही. खरा सार्यान दिसतो तो १९१० पासून. त्या वर्षी कॉन्स्टँटिनोपल, १९११ साली इजिप्त, १९१३ साली पर्शिया. रंग बहुतेक टेंपेराचे, कित्येकदा साध्या पुठ्ठ्यावर लावलेले. टेंपेरा लवकर वाळतो, त्यात तैलरंगासारखं घोळत बसता येत नाही. एक फटकारा मारायचा आणि तो बरोबर बसला पाहिजे. आपल्याकडे पोस्टर कलरनं काम केलेल्या कुणालाही हे लगेच कळेल.

त्याच्या कामाच्या खोलीत मी बराच वेळ थांबले. मोठी खिडकी, चित्र टेकवायचा लाकडी घोडा, ब्रश, रंगाचे थर चढलेली पॅलेट. मी काळा रंग शोधत होते. मग लक्षात आलं की सगळेच रंग एकमेकांत वाळून एक करडा डोंगर झालाय, आता त्यातून काही वेगळं काढता येणार नाही. तरी वाकून बघितलं. कडेला एका ठिकाणी नखाएवढा निळा शाबूत होता. लखलखीत.

"मावशी, त्या बाई आपल्याकडे बघतायत," भाची हळूच म्हणाली. दालन सांभाळणाऱ्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या. मी चित्रकलेची मास्तरीण आहे, असं भाचीनं त्यांना आर्मेनियनमधे सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि मला खिडकीशी नेऊन उभं केलं. काही बोलल्या नाहीत. दाखवायचा होता तो उजेड.

रात्री संग्रहालयातून घेतलेलं जाड पुस्तक चाळत बसले. त्यात जळून गेलेल्या चित्रांची हकिगत आहे. १९२६ साली सार्यान पॅरिसला गेला. तिथे दोन वर्षं झपाटल्यासारखं काम केलं आणि १९२८ च्या सुरुवातीला त्याचं एकट्याचं प्रदर्शन भरलं. तिथून परत पाठवलेली चित्रं बोटीला लागलेल्या आगीत गेली, जवळजवळ सगळी. दोन वर्षांचं काम आणि हाताशी राहिल्या त्या जेमतेम काही चौकटी.

दुसरी आग माणसांनी लावलेली. १९३७ साली, स्टालिनच्या धरपकडीत, ज्यांना 'जनतेचे शत्रू' ठरवलं त्या लोकांची सार्याननं काढलेली व्यक्तिचित्रं जाळून टाकण्यात आली. कवी येगिशे चारेंत्सचं १९२३ मधलं चित्र वाचलं. पुढे चारेंत्स, मागे एक इजिप्शियन मुखवटा. तरुण, काळेभोर डोळे, आणि मुखवट्याचे डोळे त्याच्याहून शांत. चारेंत्स स्वतः वाचला नाही. १९३७ सालीच तो येरेवानच्या तुरुंगात गेला. चाळीसचा झाला होता.

पुस्तक मिटून ठेवलं तेव्हा दोन वाजले होते.

दिवस तिसरा, सोमवार

आज खोर विराप आणि द्वीन. दिवसभरासाठी गाडी ठरवली होती. चालक साठीचे, गळ्यात मफलर, भाची त्यांना 'पापिक' म्हणजे आजोबा म्हणते आणि ते तिला 'बालिक' म्हणजे बाळ म्हणतात.

ऑक्टोबरात इथली हवा धुवून वाळत घातल्यासारखी असते. उन्हाळ्यात धुरकट हवेत अरारात दिवस दिवस दिसत नाही म्हणे. आज शहराबाहेर पडलो आणि तो समोर उभा. मोठं शिखर ५,१३७ मीटर, शेजारी धाकटं. पायथ्याशी द्राक्षाचे मळे, त्यांची पानं पिवळी-तांबडी व्हायला लागलेली. सह्याद्री बघत वाढलेल्या माणसाला डोंगर म्हणजे पठारं, कडे, रांगा. हा एकटा, जमिनीतून सरळ वर आलेला. पण मधून सीमा जाते. डोंगर तुर्कस्तानात, सीमा १९९३ पासून बंद. जो डोंगर दर तिसऱ्या घरात भिंतीवर टांगलेला आहे, तिथे इथून जाता येत नाही. मी पापिकना विचारलं, तुम्ही कधी जवळून बघितलाय का? त्यांनी काचेतून बोट दाखवलं. "इतक्याच जवळून," ते म्हणाले. "रोज."

खोर विरापच्या मठात ग्रिगोर नावाच्या संताला तेरा वर्षं खड्ड्यात कोंडलं होतं अशी कथा आहे. त्यानंतर राजानं ख्रिस्ती धर्म घेतला. परंपरेनं ते साल ३०१ मानतात. लोखंडी शिडीनं त्या खड्ड्यात उतरता येतं. भाची उतरली. माझे गुडघे तयार नव्हते, म्हणून मी अंगणात थांबले आणि माझं काम केलं.

पर्समधे कोरा पांढरा कागद ठेवला होता. भिंतीच्या सावलीच्या कडेवर तो असा धरला की अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. डोळे थोडे बारीक केले. उन्हातली बाजू पिवळसर, लोण्यासारखी. सावलीतली बाजू निळी. करडी नव्हे, निळी! कारण साधं आहे. सावलीत ऊन पोचत नाही, पण आभाळ पोचतं. वर इतकं निळं आभाळ असेल तर सावलीला उजेड त्याचाच मिळणार. जितकी हवा कोरडी आणि स्वच्छ, तितका तो निळा गडद. मी कागद हलवत राहिले, कडेवरून आत, कडेवरून बाहेर. प्रत्येक वेळी रंग कडेवर झटकन बदलायचा, अधेमधे काही नाही.

म्हणजे त्यानं रंग वाढवून लावला नव्हता. लोक त्याला भडक म्हणतात, सजावटी म्हणतात. मीही मुलांना ते कार्ड दाखवताना 'कल्पनेतले रंग' म्हणत असे. ते चूक होतं. तो समोरचं लिहून घेत होता.

भाची वर आली, हाताला गंज लागलेला. तिला कागद धरायला लावला. तिनं बघितलं, गप्प राहिली, मग म्हणाली, "मावशी, हे आत्तापर्यंत दिसलं कसं नाही?"

द्वीनला आम्ही दोघी आणि एक मेंढपाळ, बाकी कुणी नाही. चौथ्या शतकात वसलेली राजधानी. पुढे भूकंपांनी हलली, मंगोलांच्या स्वारीनंतर उजाड झाली. आता चर्चचा पाया, खांबांचे बुंधे, कोरीव दगड. सार्याननं १९५२ साली इथूनच अरारातचं खोरं रंगवलं. तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता. चार वर्षांपूर्वी वगैरे त्याच्यावर 'फॉर्मॅलिझम'चा ठपका ठेवून झाला होता. म्हणजे तू वास्तव सोडून नुसत्या रंगरूपाच्या मागे लागला आहेस, हा सोव्हिएत काळातला गंभीर आरोप. आणि तो माणूस काय करतो, तर पडक्या राजधानीच्या उंचवट्यावर येऊन शेतांचे पट्टे रंगवतो, हिरवा, पिवळा, मातकट, मग जांभळा, मग डोंगर. १९६१ साली याच मातृभूमीच्या चित्रमालिकेला लेनिन पारितोषिक मिळालं. ज्यांनी ठपका ठेवला त्यांतले किती जण तेव्हा टाळ्या वाजवत होते, असं मनात आलंच.

परतताना रस्त्याकडेला डाळिंबं घेतली. एक पापिकनी गुडघ्यावर धरून सुरीनं उकललं, दाणे आमच्या ओंजळीत.

दिवस चौथा, मंगळवार

एचमियाद्झिन. आर्मेनियन चर्चचं मुख्य ठाणं, येरेवानपासून अर्ध्या-पाऊण तासावर. मोठं आवार, झाडं, शांतता, सकाळी थोडी थंडी.

१९१५ साली हे आवार माणसांनी भरलं होतं. ऑटोमन तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांची कत्तल सुरू झाली, जे जीव वाचवून पळाले त्यांतले हजारो इथे आले. उपाशी, टायफसनं तापलेले. पस्तीस वर्षांचा सार्यान मॉस्को सोडून त्यांना मदत करायला आला. जे बघितलं त्यानं त्याचं मन पार मोडलं. आजारी अवस्थेत त्याला तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीला, नेलं.

मी आवारात एका बाकावर बसून राहिले. या विषयावर त्यानं मोठं चित्र काढलं नाही. प्रेतं, रक्त, आक्रोश काहीच नाही. १९१६ साली तिफ्लिसलाच लेखक गाझारोस आगायान यांच्या मुलीशी, लुसिकशी, त्याचं लग्न झालं. आणि तो पुन्हा रंगवायला लागला, फळं, फुलं, डोंगर. कुणाला हे पळून जाणं वाटेल. मलाही आधी तसं वाटलं होतं. पण १९४५ चं त्याचं एक चित्र आहे, महायुद्धात लढलेल्या आर्मेनियन सैनिकांना अर्पण केलेलं. त्यात सैनिक नाही, बंदूक नाही, झेंडा नाही. फक्त फुलं आहेत. भलामोठा कॅनव्हास, कडेपासून कडेपर्यंत, घागरींत, बादल्यांत, जिथे जागा सापडेल तिथे खोचलेली. त्याचा मुलगाही आघाडीवर होता. आपल्याकडे घरी आलेल्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. त्यानं फुलं ठेवली, जे परत आले त्यांच्यासाठीही आणि जे आले नाहीत त्यांच्यासाठीही.

दुपारी बाजारात तोनिरमधे लवाश भाजताना बघितला. तोनिर म्हणजे जमिनीत पुरलेली मातीची भट्टी. एक बाई पीठ हवेत फेकून फेकून चादरीएवढं पातळ करते, उशीवर पसरते आणि वाकून भट्टीच्या भिंतीला थापते. अर्ध्या मिनिटात दुसरी बाई आकड्यानं काढते. त्यात चीज आणि तुळशीच्या जातीची जांभळी पानं गुंडाळून खाल्लं.

दिवस पाचवा, बुधवार

ग्युमरी शहराकडे. उजव्या हाताला बराच वेळ अरागात्स डोंगर, चार शिखरांचा, ४,०९० मीटर. त्याच्यावर बर्फाची पहिली रेघ होती.

आजचा दिवस दुसऱ्या चित्रकाराचा, मिनास आवेतिस्यानचा. सार्यानच्या नंतरच्या पिढीतला, त्याच्या रंगांचा वारस. १९२८ साली ग्युमरीजवळच्या जाजुर गावात जन्मला, लेनिनग्राडला शिकला आणि आयुष्यभर मुख्यतः आपलं गाव, आई-वडील, घरामागची टेकडी रंगवत राहिला. सार्यानचा नारिंगी याच्याकडे येऊन लाल झाला, विझत आलेल्या निखाऱ्याचा लाल. १९७२ च्या पहिल्याच दिवशी त्याचा स्टुडिओ जळाला, ढिगानं चित्रं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात सार्यान वारला. मिनास पुन्हा उभा राहिला, ग्युमरीच्या कारखान्यांत भित्तिचित्रं केली. १९७५ साली पदपथावर चढलेल्या एका गाडीनं त्याला उडवलं. वय सेहेचाळीस. गावात त्याचं संग्रहालय झालं, ते १९८८ च्या डिसेंबरातल्या भूकंपात कोसळलं. त्या भूकंपात सुमारे २५,००० माणसं गेली. संग्रहालय नंतर पुन्हा बांधलं.

जाजुरला वारा फार होता. टेकडी मात्र ओळखू आली, चित्रांत बघितलेली. एका अंगणात शेणाच्या गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या, थेट आपल्याकडच्या उडव्यासारख्या, आणि त्यावर कलत्या उन्हानं जो रंग चढला होता तो मिनासचाच.

दिवस सहावा, गुरुवार

सकाळी कोमितास स्मशानबागेत गेलो. संगीतकार कोमितास, खाचातुरियान, चित्रपटकार पाराजानोव्ह इथेच आहेत. सार्यानच्या दगडापाशी मी सोमवारच्या डाळिंबांतलं एक ठेवलं. शेजारी कुणीतरी आधीच कार्नेशनची दोन फुलं ठेवून गेलं होतं.

घरी आल्यावर भाचीच्या गॅलरीत रंगपेटी काढली. कठड्यावर एक डाळिंब, समोरून ऊन. रस्त्यापलीकडची इमारत गुलाबी तुफ दगडाची, हे शहर बहुतेक याच दगडाचं आहे. पांढऱ्या कठड्यावर पडलेली डाळिंबाची सावली आधी रंगवली, सरळ अल्ट्रामरिनमधे, पाणी न घालता. फळ नंतर. भाची चहा घेऊन आली आणि मागे उभी राहिली.

"लाल कमी लाव मावशी," ती म्हणाली. "सावलीनंच तो लाल दिसतोय."

मी ब्रश धुतला आणि तिच्या हातात दिला.